स्केल मॉडेलचे फोकस स्टॅकिंग : मांडणीपासून अंतिम चित्रापर्यंत

पुणे स्थानकाच्या फलाटावरून २० मीटर अंतरावरच्या इंजिनाचे छायाचित्र काढले, तर इंजिनाचे नाक, त्यामागचे डबे आणि पलीकडचा सिग्नलचा खांब हे सगळे पुरेसे स्पष्ट येते. तेच इंजिन १:८७ या एचओ प्रमाणात टेबलावर आले की त्या २० मीटरचे २३ सेंटिमीटर होतात, आणि इतक्या जवळून लेन्सला काही मिलिमीटरपासून फार तर दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतचीच खोली स्पष्ट दाखवता येते. बफर स्पष्ट असेल तर केबिन धूसर होते. पाहणाऱ्याला प्रकाशशास्त्र ठाऊक नसले, तरी असा धूसरपणा लहान वस्तूच्या चित्रात असतो हे त्याच्या डोळ्यांना सवयीने कळते आणि महिनोन्‌महिने खपून केलेले मॉडेल त्याच्या लेखी खेळणे ठरते. यावरचा उपाय म्हणजे फोकस स्टॅकिंग. कॅमेरा जागचा न हलवता फोकस पुढून मागे थोडा थोडा सरकवत अनेक फ्रेम घ्यायच्या आणि प्रत्येक फ्रेममधला स्पष्ट भाग निवडून सॉफ्टवेअरकडून एकच चित्र तयार करून घ्यायचे, अशी ही पद्धत आहे.

कोथरूडमधील जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयामुळे एचओ प्रमाण अनेक पुणेकरांना नावाने नसले तरी नजरेने ओळखीचे आहे, म्हणून या लेखातील उदाहरणे त्याच प्रमाणातील रेल्वेची घेतली आहेत. १:७२ ची विमाने, १:३५ चे रणगाडे किंवा दिवाळीतला किल्ला यांनाही हीच पद्धत लागू पडते. केवळ आकडे बदलतात. सॉफ्टवेअर कोणते घ्यावे, हा प्रश्न बहुतेकांच्या मनात सर्वांत आधी येतो. माझ्या मते तो बराच उशिरा यायला हवा, कारण स्टॅक, म्हणजे अशा फ्रेमचा संच, बिघडतो तो बहुतेक वेळा टेबलावरच.

प्रमाणातला माणूस कुठे उभा आहे?

पहिला निर्णय कॅमेऱ्याच्या जागेचा. फलाटावर उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे १.६ मीटर उंचीवर असतात. १:८७ मध्ये ही उंची १८ मिलिमीटर, १:७२ मध्ये २२ मिलिमीटर आणि १:३५ मध्ये ४६ मिलिमीटर होते. आपण मात्र सवयीने टेबलाच्या ३० सेंटिमीटर वरून फोटो काढतो, म्हणजे एचओच्या जगात २६ मीटर उंचीवरून, आठ-नऊ मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली पाहावे तसे. अशा चित्रात स्टॅकिंग कितीही उत्तम जमले तरी मॉडेल मॉडेलच दिसते. म्हणून लेन्स शक्य तेवढी खाली आणावी. मोठ्या लेन्सची कडा देखाव्याखालच्या पाटाला टेकत असेल, तर देखावा पाटाच्या अगदी कडेला मांडून कॅमेरा पाटाबाहेर, थोडा खालच्या पातळीवर ठेवता येतो. मोबाइल उलटा धरला की त्याची लेन्स जमिनीपासून एक-दोन सेंटिमीटरवर येते, त्यामुळे या कामात चांगल्या कॅमेऱ्यापेक्षा मोबाइल कधी कधी सरस ठरतो.

अंतराचा हिशेबही असाच करावा. १०० मिलिमीटरच्या मॅक्रो लेन्सने एक मीटरवरून टिपलेले इंजिन प्रमाणातल्या माणसाला ८७ मीटरवरून दिसणारे इंजिन आहे. यार्डाच्या पलीकडून टेलिफोटो लेन्सने घेतल्यासारखे, काहीसे चपटे चित्र हवे असेल तर ते योग्यच आहे. फलाटावर उभे असल्याची जाणीव हवी असेल, तर १२ ते २५ सेंटिमीटर अंतरावरून, जवळ फोकस होणाऱ्या कमी फोकल लेंग्थच्या लेन्सने काम करावे लागते. तेथे खोलीचा प्रश्न अधिक तीव्र होतो, पण स्टॅकिंगचा खरा फायदाही तेथेच दिसतो.

खोली, प्रकाश आणि धूळ

स्टॅक पूर्ण होईपर्यंत काहीही हलता कामा नये. छताचा पंखा सुरुवातीलाच बंद करावा, कारण त्याच्या वाऱ्याने कृत्रिम गवत, झाडांचा पाला आणि ओव्हरहेड तारा सूक्ष्म हलतात आणि हा दोष फ्रेम जोडल्यावरच लक्षात येतो. पेठेतल्या जुन्या वाड्याच्या लाकडी तक्तपोशीवर कोणी चालले तरी ट्रायपॉड डोलतो; रस्त्यालगतच्या फ्लॅटमध्ये बस गेल्यावर फरशी थरथरते. भिंतीलगतची जागा निवडावी, कॅमेरा आणि मॉडेल शक्य असल्यास एकाच जड टेबलावर ठेवावे, म्हणजे दोन्ही एकत्र हलतात, आणि रात्रीच्या शांत वेळी काम करावे.

बाहेरच्या देखाव्यावर प्रकाश एकाच सूर्याचा असतो, म्हणून मुख्य दिवाही एकच असावा. दोन बाजूंनी दोन दिवे लावले की प्रत्येक खांबाला दोन सावल्या पडतात आणि खोलीतला कारभार उघडा पडतो. सावलीची बाजू उजळण्यासाठी पांढरा पुठ्ठा पुरेसा होतो. इंजिनाच्या चकचकीत रंगावर उमटणारे दिव्याचे ठिपके मात्र स्टॅकिंगचे शत्रू आहेत: फोकसबाहेरच्या फ्रेममध्ये ते मोठे चकाकते गोल होतात आणि सॉफ्टवेअर त्या गोलांच्या कडांनाच तपशील समजते. दिव्यासमोर हातभर अंतरावर बटर पेपर ताणून लावल्यास हा त्रास बराच कमी होतो. स्वस्त एलईडी दिवे विजेच्या ५० हर्ट्‌झ प्रवाहाबरोबर लुकलुकतात, म्हणून शटरचा वेळ १/५० सेकंदापेक्षा जास्त ठेवावा. ट्रायपॉडवर अर्धा किंवा एक सेकंद घेतला तरी काही बिघडत नाही. दिवसा खिडकीच्या उजेडात काम करताना ढग आडवे आले, तर फ्रेमचा उजळपणा बदलतो आणि जोडलेल्या चित्रात पट्टे दिसतात. पावसाळ्यात तर ती वाट धरूच नये.

धुळीबद्दल थोडे सविस्तर सांगावे लागेल. साध्या फोटोत धूसर भागातली धूळ लपते. स्टॅकमध्ये संपूर्ण मॉडेल स्पष्ट होत असल्याने प्रत्येक कण, साच्याची शिवण आणि ब्रशचा तुटलेला केस दिसतो. एचओमधला अर्ध्या मिलिमीटरचा कण प्रमाणात ४ सेंटिमीटरहून मोठा, म्हणजे इंजिनावर ठेवलेल्या दगडाएवढा असतो. बांधकामांमुळे पुण्यात उन्हाळ्यात घरात बारीक धूळ सतत येत असते, त्यामुळे मऊ ब्रश आणि हवेचा रबरी फुगा वापरून मॉडेल फोटोच्या अगदी आधी साफ करावे, आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये मोठे करून एकदा पुढून मागे तपासावे. सेन्सरवरची धूळ आणखी त्रासदायक असते. फ्रेम जुळवताना सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेम किंचित लहान-मोठी करते, त्यामुळे सेन्सरवरचा एकच डाग अंतिम चित्रात ठिपक्यांची माळ होऊन उमटतो.

अपर्चर आणि फ्रेमची संख्या

अपर्चर म्हणजे लेन्समधले प्रकाशाचे छिद्र; एफचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान आणि स्पष्ट खोली जास्त, म्हणून ते एफ/२२ वर नेऊन एकाच फ्रेममध्ये काम भागवण्याचा मोह होतो. पण छिद्र लहान झाले की प्रकाशाच्या विवर्तनामुळे प्रत्येक बिंदूची चकती होते. एफ/२२ ला या चकतीचा व्यास सुमारे ०.०३ मिलिमीटर, तर एफ/८ ला सुमारे ०.०११ मिलिमीटर असतो. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी या मध्यम आकाराच्या सेन्सरवर पिक्सेलची रुंदी जेमतेम ०.००४ मिलिमीटर असते, म्हणजे एफ/२२ ला एक बिंदू सात पिक्सेलवर पसरतो आणि रिव्हेटच्या रांगा पुसट होतात. शिवाय जवळच्या छायाचित्रणात प्रत्यक्ष परिणाम करणारे (इफेक्टिव्ह) अपर्चर आणखी लहान होते. वस्तूची सेन्सरवरची प्रतिमा मूळ आकाराएवढी असेल, तर एफ/८ हे एफ/१६ सारखे वागते.

उलट टोकाला, कीटकांचे फोटो काढणारे स्टॅकसाठी एफ/४ किंवा एफ/५.६ वापरतात, म्हणून मॉडेललाही तेच चालेल असे समजू नये. मॉडेलच्या देखाव्यात पुढचा खांब आणि मागची इमारत यांत मोठे अंतर असते. अपर्चर जितके उघडे, तितका पुढचा खांब मागच्या फ्रेममध्ये फुगून पसरतो आणि इमारतीचा भाग झाकतो. हा झाकलेला भाग कोणत्याच फ्रेममध्ये नीट उपलब्ध नसतो, त्यामुळे खांबाभोवती धुरकट वलय राहते. म्हणून मॉडेलसाठी एफ/८ ते एफ/११ हीच मर्यादा मला योग्य वाटते.

किती फ्रेम लागतील हे प्रतिमेच्या आकारावर ठरते. सुमारे १७ मीटर लांबीचे डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन एचओमध्ये २० सेंटिमीटरच्या आत बसते. एपीएस-सी कॅमेऱ्यात ते चौकटभर घेतले, तर प्रतिमा मूळ मॉडेलच्या साधारण एक दशांश होते आणि एफ/८ ला, मोठ्या छपाईचा कडक निकष लावल्यास, स्पष्ट खोली सुमारे १७ मिलिमीटर मिळते. शेजारच्या फ्रेममधले स्पष्ट पट्टे एकमेकांवर साधारण एक तृतीयांश चढायला हवेत, म्हणून पाऊल १२ मिलिमीटरचे घ्यावे. इंजिन तिरपे उभे करून पुढून मागे १५ सेंटिमीटर खोली असेल, तर १३ ते १५ फ्रेम पुरतात. केबिनचे नाक जवळून, एक चतुर्थांश आकारात घेतले तर स्पष्ट खोली जेमतेम ३ मिलिमीटर राहते आणि ६ सेंटिमीटर खोलीसाठी २५ ते ३० फ्रेम लागतात. निम्म्या आकाराला ती १ मिलिमीटरवर येते.

सूत्रे नकोशी वाटत असतील, तर मॉडेलच्या जागी पोलादी पट्टी ४५ अंशांत तिरपी ठेवून एक फ्रेम घ्यावी, संगणकावर पूर्ण आकारात पाहावी आणि पट्टीवरचे किती मिलिमीटर खणखणीत दिसतात ते मोजावे. त्या संख्येला ०.७ ने गुणले की खोली मिळते, आणि त्या खोलीचे दोन तृतीयांश हे आपले पाऊल. फ्रेम थोड्या जास्त झाल्या तर फक्त वेळ जातो. कमी पडल्या तर इंजिनावर आलटून पालटून स्पष्ट आणि धूसर पट्टे उमटतात आणि त्यावर कोणत्याही सॉफ्टवेअरकडे इलाज नसतो.

प्रत्यक्ष चित्रण

कॅमेरा मॅन्युअल मोडवर ठेवून आयएसओ १०० च्या आसपास, शटर, अपर्चर आणि व्हाइट बॅलन्स कायम करावेत. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद करावे, फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात घ्यावी आणि शटर दोन सेकंदांच्या टायमरने किंवा रिमोटने सोडावे. चौकटीच्या चारही बाजूंना सुमारे दहा टक्के जागा मोकळी सोडावी, कारण फोकस बदलताना दृश्याचा आवाका किंचित बदलतो आणि जुळवणीत कडा कापल्या जातात.

फोकस सरकवण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला म्हणजे कॅमेऱ्यातलीच सोय. निकॉनच्या डी८५० पासून तिला फोकस शिफ्ट म्हणतात, तर कॅननच्या ईओएस आरपी आणि नंतरच्या अनेक मिररलेस कॅमेऱ्यांत ती फोकस ब्रॅकेटिंग या नावाने आहे. या दोन्हींत कॅमेरा सुरुवातीच्या बिंदूपासून दूर दूर जातो, म्हणून फोकस मॉडेलच्या सर्वांत जवळच्या बिंदूच्याही किंचित अलीकडे लावून सुरुवात करावी. पावलाचा आकार मेनूत १ ते १० अशा अंकांत असतो. त्याचा मिलिमीटरशी थेट संबंध नसल्याने वरची पट्टीची चाचणी येथेही करून पाहावी. दुसरा मार्ग संगणकाचा: हेलिकॉन रिमोट किंवा विंडोजवर मोफत मिळणारे डिजीकॅमकंट्रोल केबलवरून लेन्सचा फोकस हलवतात. तिसरा मार्ग हाताने फोकस रिंग फिरवण्याचा. रिंगवर कागदी पट्टी चिकटवून खुणा केल्या तर १५ फ्रेमचा स्टॅक हातानेही उत्तम होतो. अँड्रॉइड मोबाइलवर ओपन कॅमेरा या मोफत अ‍ॅपमध्येही, फोनने साथ दिल्यास, फोकस ब्रॅकेटिंग मिळते.

कॅमेरा पुढे-मागे सरकवणारी मॅक्रो रेल मूळ आकाराएवढ्या किंवा त्याहून मोठ्या प्रतिमांसाठी उपयोगी असते. संपूर्ण इंजिनासाठी ती टाळावी, कारण कॅमेरा सरकला की दृष्टिकोन बदलतो आणि मागच्या वस्तू पुढच्यांच्या आडून वेगळ्या दिसू लागतात.

मॉडेलकाराला एक मुभा असते जी कीटकांच्या छायाचित्रकाराला नसते: तो देखाव्यातली वस्तू उचलून बाजूला ठेवू शकतो. मुख्य स्टॅक झाल्यावर कॅमेऱ्याला धक्का न लावता पुढचा खांब किंवा इंजिन काढून घ्यावे आणि मागच्या भागाचा एक छोटा स्टॅक पुन्हा घ्यावा. खांबाभोवतीचे वलय पुसताना मागची स्वच्छ भिंत याच चित्रातून मिळते. इंजिनाचा हेडलाइट पेटवलेला हवा असेल, तर त्याचीही वेगळी फ्रेम शेवटी घ्यावी. पेटलेला दिवा प्रत्येक फ्रेममध्ये असला की त्याभोवती चकाकीची कडी तयार होतात.

सॉफ्टवेअरमध्ये

आधी रॉ फाइल एकाच सेटिंगने १६-बिट टिफमध्ये बदलाव्यात. एका फ्रेममध्ये केलेला रंगाचा बदल सर्व फ्रेमना लागू करावा आणि शार्पनिंग शून्य ठेवावे. २४ मेगापिक्सेलची अशी एक फाइल सुमारे १४४ मेगाबाइटची होते, म्हणजे ४० फ्रेमना पावणेसहा गिगाबाइट लागतात. जुन्या लॅपटॉपवर आधी लहान जेपेग फाइलींचा कच्चा स्टॅक करून पाहिला, तर फ्रेम कमी पडल्या आहेत का, हे देखावा टेबलावर मांडलेला असतानाच कळते.

या कामासाठी खास तयार केलेली दोन सॉफ्टवेअर सर्वत्र वापरली जातात, हेलिकॉन फोकस आणि झेरीन स्टॅकर. दोन्हींच्या मुळाशी दोन वेगळ्या रीती आहेत आणि त्या समजल्या की उरलेले काम सोपे होते. पहिली रीत डेप्थ मॅपची: प्रत्येक बिंदू कोणत्या फ्रेममध्ये सर्वांत स्पष्ट आहे याचा नकाशा काढून बिंदू त्याच फ्रेममधून उचलायचा. हेलिकॉनमध्ये ही पद्धत ‘बी’, झेरीनमध्ये ‘डीमॅप’. तिच्यात रंग आणि पोत मूळचे राहतात, इंजिनाचे सपाट पत्रे स्वच्छ येतात. पण एकमेकांना छेदणाऱ्या तारा आणि कठडे येथे गोंधळतात. या रीतीला फ्रेमचा क्रम योग्य लागतो. दुसरी रीत पिरॅमिडची: चित्राचे बारीक आणि ढोबळ तपशील वेगळे करून प्रत्येक थरातला ठळक तपशील निवडायचा. हेलिकॉनमध्ये ‘सी’, झेरीनमध्ये ‘पीमॅक्स’. पँटोग्राफ (विजेच्या इंजिनावरचा तारेला टेकणारा सांगाडा), शिडी, कठडे यांसाठी ती अप्रतिम आहे. मात्र ती कॉन्ट्रास्ट वाढवते, नॉइज, म्हणजे चित्रातले दाणेदार ठिपके, साठवते आणि सपाट रंगावर डाग आणते. हेलिकॉनची ‘ए’ ही पद्धत भारित सरासरीची असून कमी फ्रेमच्या स्टॅकला चालते.

मॉडेलसाठी माझा क्रम ठरलेला आहे. आधी डेप्थ मॅपने संपूर्ण चित्र तयार करावे, मग त्याच फ्रेम पिरॅमिडने जोडाव्यात, आणि रिटचिंगच्या ब्रशने पिरॅमिडच्या चित्रातून फक्त तारा, कठडे व पँटोग्राफ डेप्थ मॅपच्या चित्रात रंगवून आणावेत. हेलिकॉनमध्ये रेडियस लहान ठेवल्यास बारीक तपशील टिकतो आणि वलय अरुंद होते, पण नॉइज वाढतो. स्मूदिंग वाढवल्यास फ्रेममधले सांधे मऊ होतात. झेरीनच्या डीमॅपमध्ये कॉन्ट्रास्ट थ्रेशोल्डची पट्टी असते. पार्श्वभूमीचा कोरा कागद आणि रंगवलेले आकाश पूर्वदृश्यात काळे होईपर्यंत ती सरकवावी, पण इंजिनाचे पत्रे काळे होऊ देऊ नयेत. काळ्या भागात तपशील शोधू नये असा त्याचा अर्थ आहे.

फोटोशॉप आधीच हाती असेल, तर सर्व फ्रेम ‘लोड फाइल्स इनटू स्टॅक’ने थरांत आणाव्यात, ‘ऑटो-अलाइन लेयर्स’ने जुळवाव्यात आणि ‘ऑटो-ब्लेंड लेयर्स’मध्ये ‘स्टॅक इमेजेस’ निवडावे. प्रत्येक थराला मास्क, म्हणजे थराचा कोणता भाग दिसावा हे ठरवणारा पडदा, मिळतो, त्यामुळे चुकलेला भाग हाताने रंगवून दुरुस्त करता येतो. १५-२० फ्रेमपर्यंत हे ठीक चालते, पुढे संगणक दमतो. अ‍ॅफिनिटी फोटोमध्ये ‘न्यू फोकस मर्ज’ ही आज्ञा असून नंतर कोणत्याही मूळ फ्रेममधून क्लोन करता येते. पैसे खर्च करायचे नसतील, तर ह्युजिन या मोफत पॅनोरमा सॉफ्टवेअरसोबत येणारी जुळवणीची आज्ञा आणि एनफ्यूज ही जोडी आहे. एनफ्यूजमध्ये एक्स्पोजर आणि सॅच्युरेशनचे वजन शून्य, कॉन्ट्रास्टचे एक आणि हार्ड मास्क चालू ठेवावा. निकाल चांगला येतो, पण रिटचिंगचा ब्रश तेथे नसल्याने ते काम गिम्पमध्ये करावे लागते.

जोडलेले चित्र पूर्ण आकारात, कडेपासून कडेपर्यंत तपासावे. चिमणी, खांब आणि माणसांची डोकी यांच्या मागे वलय आहे का, तारा दुहेरी झाल्या आहेत का, सपाट पत्र्यावर धूसर पट्टा आहे का, एवढे पाहिले तरी बहुतेक दोष सापडतात. वलय स्वच्छ पार्श्वभूमीच्या चित्रातून बुजवावे, दुहेरी तार एकाच फ्रेममधून रंगवावी, धूसर पट्टा मात्र चित्रण पुन्हा करण्याची सूचना समजावा.

सगळेच स्पष्ट झाले पाहिजे असा आग्रह येथे सोडून द्यावा. मागचा डोंगर आणि आकाश खऱ्या जगातही हवेतल्या धुरकटपणामुळे मऊच दिसतात. स्टॅकमधून शेवटच्या दोन-तीन फ्रेम काढून टाकल्या की छापील पार्श्वभूमीचे ठिपके लपतात आणि खोलीचा भास वाढतो. शार्पनिंग सर्वांत शेवटी, चित्र ज्या आकारात वापरायचे त्या आकाराला आणून, बेताने करावे.

दिवाळीचा किल्ला

किल्ल्याच्या बाबतीत काही गोष्टी वेगळ्या आहेत. तो बाहेर असतो, त्यावर अळीव उगवलेले असतात आणि सकाळच्या झुळुकीनेही ते डोलतात. सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो, त्यामुळे बुरुजाच्या सावलीची कड फ्रेमगणिक हलते. म्हणून वारा पडलेला असताना, एफ/११ वर, कमी फ्रेमचा स्टॅक एका मिनिटाच्या आत उरकावा. अळीव हललेच, तर तो भाग एकाच फ्रेममधून रंगवून घ्यावा. पिरॅमिड पद्धत अशा ठिकाणी पात्यांची भुते दाखवते. कुंभारवाड्यातून आणलेले मावळे दरवाजापेक्षा उंच असतात आणि महाराज बुरुजाएवढे, तेव्हा प्रमाणातल्या माणसाचा हिशेब येथे मावळ्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून करावा. पणत्यांची ज्योत स्थिर राहत नाही, त्यामुळे पणत्या न लावता स्टॅक घ्यावा आणि पणत्या लावलेली एकच फ्रेम नंतर ‘लाइटन’ ब्लेंडने वर चढवावी.

काम संपल्यावर मूळ रॉ फाइल, स्वच्छ पार्श्वभूमीचा स्टॅक आणि रिटच केलेले टिफ एवढेच एका फोल्डरमध्ये जपून ठेवावे; मधल्या टिफ फाइली निर्धास्तपणे पुसून टाकाव्यात, कारण रॉवरून त्या केव्हाही पुन्हा तयार होतात.